सकाळच्या दोन गोळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

सातच्या बॅचला नवीन शिकाऊ आल्या. निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या, वय एकसष्ट. नवऱ्याला दिसेनासं झालंय, गाडी दारात धूळ खातेय, म्हणून आता शिकायचं. सीटबेल्ट लावायच्या आधी त्यांनी वाकून माझ्या पायाशी बघितलं. "तुमच्याकडे पण ब्रेक आहे ना? नक्की?"

"आहे. बारा वर्षं त्याच्यावरच पोट भरतेय."

"मग मी निवांत चुकते," म्हणाल्या. आवडल्या मला.

संध्याकाळी ताईंच्या पार्लरमध्ये गेले. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, मागून आरसा धरला आणि म्हणाल्या, "बघ. भांग होता, आता रस्ता झालाय."

म्हटलं, "मला रस्त्यांची सवय आहे." हसले, आणि केस पुढे ओढून भांग झाकला. त्वचेच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी फवारा दिलाय, रोज ठरलेल्या मापाने डोक्याला लावायचा. तो लावतेच आहे. ताईंनी वर एक डबी दिली. केसांच्या गोळ्या. "औषध नाही गं, नुसती व्हिटॅमिनं. माझ्या कितीतरी बायका घेतात. सकाळी उपाशीपोटी घे, चांगली लागू पडते."

उपाशीपोटी मी थायरॉइडची गोळी घेतेच. चार वर्षं झाली, शंभरची. नवी डबी त्याच डबीशेजारी ठेवली. एका घोटात दोन्ही. विसरायचा प्रश्नच नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केस थांबायच्या ऐवजी जास्तच गळतायत. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, फवाऱ्याने पहिले काही आठवडे जास्त गळतात, घाबरू नका. त्या म्हणाल्या म्हणून घाबरले नाही. ताई म्हणाल्या, "माप वाढव की." म्हणून माप दुप्पट केलं.

भूगोलाच्या बाई अजून क्लच सोडताना डोळे मिटतात.

२ मार्च, रविवार

मोठी बातमी. गळणं कमी झालं! संध्याकाळी बाथरूम धुताना बघितलं, जाळी स्वच्छ. आधी दर दोन दिवसांनी मुठीएवढा गुंता निघायचा. कंगवाही स्वच्छ, उशीही. ताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणाले नव्हते?"

नवऱ्याला आजकाल साफसफाईचं वेड लागलंय. माझी आंघोळ झाली की हा ब्रश घेऊन आत. बावीस वर्षांत ज्याने स्वतःचा कप उचलला नाही तो. विचारलं तर म्हणाला, "बसून बसून कंबर दुखते, तेवढाच व्यायाम." बोलणं मात्र कमी झालंय. माझ्या डोक्याकडे बघतो आणि नजर वळवतो. कळतं मला. बायकोचं टक्कल कोणाला आवडेल?

१९ मार्च, बुधवार

थकले. काल दुपारच्या बॅचला एकाला "डावीकडे वळा" म्हणायचं होतं, तोंडातून "उजवीकडे" निघालं. तो बिचारा वळला. हसण्यावारी नेलं.

उठताना अंग पिठाच्या पोत्यासारखं वाटतं. वजन वाढलंय, खाणं तेवढंच. फवारा लावल्यावर तासाभराने छातीत धडधड होते. लेक म्हणते, "आई, डॉक्टरकडे जा." सोळा वर्षांची आहे आणि आवाज माझ्या सासूचा काढते. जाते म्हटलं.

२८ मार्च, शुक्रवार

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड जास्त झालंय म्हणे. म्हणजे माझी गोळी मला जास्त होतेय. थायरॉइडच्या डॉक्टरांनी स्क्रीनवरचा आकडा दाखवला, असायला हवा त्याच्यापेक्षा कितीतरी खाली. आकडा खाली म्हणजे थायरॉइड जास्त, हे मला चार वर्षांत पाठ झालंय.

"धडधड होते का?"

"होते."

"बरोबर. जुळतंय. शंभरची पंचाहत्तर करू. दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही."

विचारताना ते लिहीतच होते, सांगताना मी पर्समध्ये किल्ली शोधत होते. व्हिटॅमिन म्हणजे काही औषध नव्हे, आणि फवारा तर पोटात जातही नाही. शिवाय पन्नाशीला आलेल्या बाईने केसांचं रडगाणं काय गायचं? बाहेर वीस माणसं बसलेली.

एक मात्र विचारलं, "थायरॉइड जास्त झालं की माणूस बारीक होतो ना? मी तर फुगतेय."

"प्रत्येकाचं वेगळं असतं," म्हणाले. बरं, असेल.

१२ एप्रिल, शनिवार

पंचाहत्तरची सुरू करून दोन आठवडे झाले. अजून बरं वाटायचं आहे. वेळ लागतो म्हणतात.

आज मालकांनी बोलावलं. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं, माणूस भला, पण शब्द मोजून वापरतो. म्हणाले, "दोघांनी सांगितलं, मॅडम गाडीत पेंगतात." मी म्हटलं, डोळे मिटून ऐकत होते, गिअरचा आवाज. त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलले हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

केस मात्र जाळीत दिसत नाहीत. तेवढं एक बरं चाललंय.

२९ एप्रिल, मंगळवार

थंडी वाजते. बाहेर लोक घामाने निथळतायत आणि मी स्वेटर घालून गाडीत. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या सीटवर वेगळं हवामान आहे का?" हसायचं होतं, जमलं नाही.

नवरा जेवताना म्हणाला, "सुट्टी घे ना थोडी." म्हटलं, घरात बसून तोंड बघत बसू का तुझं? ताट ठेवून उठला. असं बोलायचं नव्हतं मला.

६ मे, मंगळवार

लिहायला हवं. नाहीतर उद्या मीच म्हणेन की तसं काही झालं नव्हतं.

सातची बॅच. भूगोलाच्या बाई आता बऱ्या चालवतात. बाजाराच्या मागचा रस्ता, दोन्ही बाजूला उभ्या गाड्या, वेग तिसाच्या आसपास. दोन गाड्यांच्या मधून एक बाई बाहेर आली, हातात मोसंब्यांची पिशवी, नजर मोबाइलमध्ये. मला ती दिसली. मी तिला अगदी नीट बघितलं, तिची हिरवी ओढणीसुद्धा. ब्रेक दाबायचा हे कळलं. पाय निघालाच नाही. जागचा उचललाच नाही तो.

गाडी थांबली. बाईपासून वीतभर अंतरावर. पिशवी पडली, मोसंबी गाडीखाली गेली. त्या बाईने बॉनेटवर दोन्ही हात आपटले आणि जे बोलायचं ते बोलली. ते आम्हाला लागूच होतं.

भूगोलाच्या बाईंनी हँडब्रेक ओढला. म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून! देवासारख्या धावलात. मी तर घाबरून काय दाबलं तेही आठवत नाही."

मी म्हटलं, "होतं असं."

म्हणाले नाही की मी काहीच केलं नाही. त्यांचे आभार घेतले आणि खिशात टाकले. मग दिवसभर आणखी चार जणांना शिकवायला बसले. प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय आधीच ठेवून, पोटरीत गोळा येईपर्यंत.

७ मे, बुधवार

बाई आल्या, दार उघडलं, बसल्या. मी सांगितलं.

"काल ब्रेक तुम्ही मारला. माझा पाय हललासुद्धा नाही."

सीटबेल्टकडे गेलेला त्यांचा हात मागे आला. मला वाटलं, आता उतरतील. मालकांकडे जातील. जायलाच हवं होतं.

"म्हणजे मी थांबवली?" म्हणाल्या.

"तुम्ही."

"एकसष्टाव्या वर्षी," म्हणाल्या, आणि मग आवाज बदलला. चाळीस मुलांचा वर्ग गप्प करणारा आवाज असणार तो. "कधीपासून होतंय हे तुम्हाला?"

"काय?"

"हेच. स्वेटर. जांभया. चेहरा सुजलाय तुमचा, आवाज घोगरा झालाय. फेब्रुवारीत अशा नव्हतात. महिना आठवा. त्या महिन्यात काय नवीन झालं?"

म्हटलं, थायरॉइडची गोळी कमी केली, पण ती मार्चअखेरीस.

"आणि थकवा?"

"त्याच्या आधीपासून."

"मग गोळी कमी केल्याने सुरुवात झाली नाही. सुरुवात आधीची आहे. आधी काय झालं?" उत्तर येईपर्यंत त्या सोडणार नव्हत्या. मी बोटांवर महिने मोजून बघितले, हाती काही लागलं नाही. त्या म्हणाल्या, "घरी जा. जे जे पोटात घालता, अंगाला लावता, सगळं एका पिशवीत भरा आणि तुमच्या औषधवाल्याकडे न्या. रिकाम्या डब्यासुद्धा."

गाडीची चावी मालकांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, बरी होईपर्यंत बसणार नाही. कारण विचारलं तेही सांगितलं, मोसंब्यांसकट. ते म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं." पुढे म्हणाले, "पण सांगितलंत." ऑफिसात फॉर्म भरून घ्यायचं काम देतो म्हणाले. बारा वर्षं गाडीत बसलेल्या बाईला फॉर्म. चालेल.

८ मे, गुरुवार

पिशवी भरत होते. लेक दारात उभी. म्हणाली, "केसांच्या पण गोळ्या? त्यांनी काही होत नाहीये, आई."

"होतंय की. जाळी बघ."

ती दारातून आत आली. मग म्हणाली, "जाळी बाबा साफ करतात. कंगवा पण. तू आंघोळ करून आलीस की लगेच. उशीवरचे केस ते चिकटपट्टीने काढतात. मला सांगू नको म्हणाले होते. तू त्या दिवशी आरशासमोर रडत होतीस ना, तेव्हापासून."

मी पिशवी घेऊन निघाले. जिन्यात बसले थोडी.

औषधवाला माणूस माझ्या ओळखीचा, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने एकेक वस्तू काउंटरवर मांडली. ताईंची डबी उलटी केली, चष्मा खाली घेतला, बारीक अक्षरं वाचली. मग बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "पाच मिनिटं थांबा."

"ही कधी घेता?"

"सकाळी. थायरॉइडच्या गोळीबरोबर."

"बरोबर म्हणजे?"

"एका घोटात."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. सांगितलं ते मी तिथेच बिलाच्या मागे लिहून घेतलं. या गोळ्यांत लोह आहे आणि कॅल्शियम आहे. दोन्ही थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात पुरती जाऊ देत नाहीत. त्यांच्यात निदान चार तासांचं अंतर हवं. म्हणजे तीन महिने मी गोळी घेत होते आणि ती मला मिळत नव्हती.

"पण रिपोर्ट तर जास्त आला!"

"तेच सांगतो." त्याने एका शब्दावर नख ठेवलं. बायोटिन. केसांच्या बहुतेक गोळ्यांत असतं, ह्यात भरपूर आहे. शरीराला थेट काही करत नाही, पण रक्त तपासायच्या काही यंत्रांना चकवतं. थायरॉइड कमी असलं तरी रिपोर्ट जास्त दाखवू शकतो. "तपासणीच्या आधी ही बंद केली होतीत?"

"त्या दिवशी सकाळीसुद्धा घेतली."

"मग झालं असं असणार," तो म्हणाला, "गोळी आधीच अर्धीमुर्धी पोचत होती. रिपोर्टने सांगितलं जास्त आहे. डॉक्टरांनी आणखी कमी केली."

"आणि धडधड?"

त्याने फवाऱ्याची बाटली उचलली. "किती लावता?"

सांगितलं.

"हे मापात लावलं तर थायरॉइडच्या गोळीबरोबर सहसा चालतं. दुप्पट लावलं की धडधड होऊ शकते. पण हे सगळं मी म्हणतोय. डॉक्टरांना दाखवा. ही पिशवीच न्या."

बाहेर आले. राग कोणाचा करावा कळेना. ताईंचा? त्यांनी प्रेमाने दिली. डॉक्टरांचा? त्यांनी विचारलं होतं.

९ मे, शुक्रवार

डॉक्टरांनी डबी वाचली आणि जुना रिपोर्ट पुन्हा उघडला. "मी विचारलं होतं," म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, "पण असं विचारलं की उत्तर नाहीच यावं."

"मी पण असं सांगितलं की कळूच नये."

छातीचा ईसीजी काढला, हृदय ठीक. केसांची गोळी आजपासून बंद. फवारा धडधड थांबेपर्यंत बंद, मग त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेल्या मापानेच. आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्त, तेव्हा खरा आकडा कळेल. तोवर थायरॉइडची गोळी एकटी, साध्या पाण्याबरोबर, तासभर चहासुद्धा नाही. आणि गाडीला हात लावायचा नाही. म्हटलं, चावी कधीच दिली.

२१ मे, बुधवार

खरा आकडा आला. खाली नाही, वर. चांगला आठपट वर. म्हणजे थायरॉइड पार खाली गेलेलं. डॉक्टरांनी शंभरची परत दिली. सहा आठवड्यांनी तपासणी. पुढे कधी केसांची गोळी घ्यायची झाली तर आधी त्यांना विचारून, थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, आणि रक्त द्यायच्या काही दिवस आधी बंद.

घरी आले. नवरा बाथरूममध्ये, हातात ब्रश. म्हटलं, "राहू दे. मला बघू दे किती गळतात ते."

तो दचकला. मग बाजूला झाला. आम्ही दोघं जाळीकडे बघत उभे. काही कमी नव्हते.

"मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय," मी म्हटलं.

"मला वाटलं तुला काहीतरी मोठं झालंय," तो म्हणाला. "विचारायची हिंमत नव्हती. केस तेवढे उचलता येत होते, ते उचलले."

एवढंच बोलला. मग ब्रश धुऊन ठेवला.

१४ जून, शनिवार

स्वेटर कपाटात. अजून दुपारी झोप लागते, पण सकाळी उठते तेव्हा मी उठलेय असं वाटतं. फॉर्म भरण्यात एकाचं नाव आणि बापाचं नाव उलटं लिहिलं, पण ते माझ्या अक्षरामुळे.

भूगोलाच्या बाईंना आता मालक स्वतः शिकवतात. त्या म्हणतात, माणूस चांगला आहे पण सारखा ओरडतो, नकाशा वाचायला येत नाही.

३ जुलै, गुरुवार

आकडा बराच खाली आलाय. अजून हवा तिथे नाही. डॉक्टर म्हणाले, होईल. केस? त्यांना सहा महिने, कदाचित जास्त, आणि सगळे परत येतीलच असं नाही. फवारा मापात सुरू केलाय, धडधड नाही. पुढच्या आठवड्यात मालक मला शेजारी बसवून दोन तास गाडी काढणार आहेत. ते पास म्हणाले तर बॅच परत. नाही म्हणाले तर आणखी थांबायचं. अजून दमायला होतं, आणि दमलेय हे आता कोणालाही सांगते.

ताईंना अजून सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "मी सांगू का?" म्हटलं, नको. माझ्या पोटातलं मीच सांगते.

५ जुलै, शनिवार

पार्लर बंद व्हायच्या वेळेला गेले. ताई फरशी पुसत होत्या. खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं, डबी, रिपोर्ट, तो पाय. त्या आधी चिडल्या. "व्हिटॅमिन आहे ते! मी स्वतः घेते, मला काही झालं नाही."

"तुम्ही थायरॉइडची गोळी घेत नाही, ताई."

त्या पुसायचं थांबल्या. मग शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि तोंडावर पदर धरला. "मी तुला मारलं असतं गं."

"मला नाही. त्या मोसंबीवालीला."

कडवट होतं ते, पण दोघींना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. राग आणला होता सोबत, तो कुठे गेला कळलं नाही. दमलेल्या माणसाला राग फार वेळ उचलून धरवत नाही.

मग त्या एकदम उठल्या. ड्रॉवरमधून वही काढली, गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायची. बोट फिरवत म्हणाल्या, "आणखी कोणाकोणाला दिलीय मी ती डबी?"

एकोणीस नावं निघाली. फोन ताईंनी लावायचा आणि विचारायचं मी, कारण त्यांचा आवाज लागत नव्हता. पहिल्या चौघींचं "नाही हो, थायरॉइड नाही." पाचवीने उचललाच नाही. सहावी म्हणाली गोळ्या कडू लागतात म्हणून कचऱ्यात टाकल्या. ताई म्हणाल्या, "शहाणी बाई."

सातवीने विचारल्याबरोबर सांगितलं, "हो, घेते की थायरॉइडची. सकाळी दोन्ही एकदमच घेते, विसरायला नको म्हणून."

ताईंनी माझ्या हाताला धरलं.

मी म्हटलं, "कधीपासून?"

"झाले की चार महिने."

"आणि तब्येत कशी आहे? थकवा येतो का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बंद केला.

"तुम्हाला कसं कळलं?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तर घरात कोणालाच सांगितलं नाही."

म्हटलं, "बसा आधी. खुर्ची घ्या. सगळं सांगते."